भूर्जपत्रातला भूर्ज आणि रशियातलं पांढरं झाड

घरी वास्तुशांत होती आणि गुरुजींच्या यादीत शेवटी लिहिलेलं होतं 'भूर्जपत्र १', म्हणून पूजा साहित्याच्या दुकानात गेले तर दुकानदाराने प्लास्टिकच्या पाकिटातून तळहाताएवढा एक तुकडा काढून दिला. घरी आणून बराच वेळ तो नुसता बघत बसले. तपकिरी गुलाबीसर रंग, हाताला कागदापेक्षा मऊ, आणि अंगभर बारीक आडव्या रेघा, कोणीतरी पेन्सिलने छोटे छोटे डॅश मारत गेल्यासारख्या. कोपरा नखाने जरासा उचलला तर पापुद्रा सुटून आला, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा.

पहिली गोष्ट म्हणजे हे पान नाही. पत्र म्हटल्यामुळे आपल्यातल्या खूप जणांना वाटतं की हे कुठल्यातरी झाडाचं वाळवलेलं पान असणार, पण ही साल आहे, आणि त्या आडव्या रेघा म्हणजे झाडाला हवा मिळायची छिद्रं. झाडाचं नाव भूर्ज. इंग्रजीत त्यालाच बर्च म्हणतात, म्हणजे अगदी तेच हिमालयातलं झाड नाही पण त्याच कुळातलं, आणि भूर्ज आणि बर्च हे दोन शब्दसुद्धा एकाच कुळातले आहेत. पण मला आज सांगायचंय ते तिसऱ्याच शाखेबद्दल, स्लाव्हिक भाषांबद्दल, कारण या शब्दाची सगळ्यात जास्त रूपं तिकडे झालीयेत, आणि ती का झाली हे समजलं की आपल्या भूर्जाकडे बघायची नजरच बदलते असा माझा अनुभव आहे.

तर रशियन माणूस या झाडाला म्हणतो बिर्योझा. युक्रेनियन म्हणतो बेरेझा, बेलारूसचा माणूस ब्यारोझा. पोलंडमध्ये गेलात तर ब्झोझा, चेकमध्ये ब्र्झीझा, आणि स्लोव्हाक, स्लोव्हेनियन, क्रोएशियन, सर्बियन, बल्गेरियन ही सगळी मंडळी साधं ब्रेझा म्हणतात. (सगळीकडे 'झा' मधला झ म्हणजे इंग्रजी झेडचा उच्चार समजा, आणि पोलिशमधला पहिला झ मात्र टेलिव्हिजन म्हणताना मधे जो घासून येतो ना, तसा.) एवढी रूपं बघितली की वाटतं ज्याला जसं जमलं तसं त्याने बोललं असणार. तसं नाहीये. यातलं प्रत्येक रूप नियमाने आलंय आणि तेच नियम त्या त्या भाषेतल्या इतर शेकडो शब्दांना लागू होतात.

या सगळ्यांचं मूळ रूप अभ्यासक लिहितात ते असं: *बेर्झा. पुढे जी चांदणी आहे ना, तिचा अर्थ 'हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, आम्ही तो उलटा हिशोब करून काढलाय'. कारण ही आद्य स्लाव्हिक भाषा बोलणाऱ्यांकडे लिपी नव्हती. स्लाव्हिक भाषेसाठी पहिली लिपी बनली ती सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांच्या काळात, ८६३ च्या आसपास, आणि तोपर्यंत ही भाषा फुटायला लागली होती. मग लेकींवरून आई कशी असेल ते ठरवायचं, असं हे काम आहे.

आता बेर्झाचं काय झालं ते बघा. आद्य स्लाव्हिकच्या शेवटच्या काळात त्या भाषेला एक सवय लागली, शब्दाचा प्रत्येक तुकडा स्वरावरच संपला पाहिजे. बेर-झा म्हटलं तर पहिला तुकडा र् वर संपतो, म्हणजे ते चालेना. यावर दोन उपाय निघाले. पूर्वेकडच्यांनी, म्हणजे जे पुढे रशियन, युक्रेनियन, बेलारूसी झाले त्यांनी र च्या पुढे अजून एक स्वर घातला, बे-रे-झा. दक्षिणेकडच्यांनी आणि पश्चिमेकडच्यांनी र आणि स्वर यांची जागाच बदलून टाकली, ब्रे-झा. झालं. बेरेझा एका बाजूला, ब्रेझा दुसऱ्या बाजूला.

यात परकं वाटण्यासारखं काही नाही कारण आपणही हे दोन्ही रोज करतो. धर्म म्हणायच्या ऐवजी धरम, कर्मचं करम, जन्माचं जनम, हे झालं रशियन पद्धतीचं काम, आपल्या व्याकरणात याला स्वरभक्ती म्हणतात आणि आपल्या जुन्या शिक्षाकारांनी, म्हणजे उच्चारांचं शास्त्र लिहिणाऱ्यांनी, ते फार आधी ओळखून नाव देऊन ठेवलंय. आणि नुकसानला नुस्कान म्हणणारे तर घरोघरी आहेत, माझी आजी कायम नुस्कानच म्हणायची, ते झालं बल्गेरियन पद्धतीचं काम, वर्णविपर्यय. फरक एवढाच की आपल्याकडे ते बोलण्यात होतं आणि लिहिताना आपण परत मूळ रूपाकडे जातो, तिकडे लिहायची सोयच नव्हती त्यामुळे जे बोललं तेच राहिलं, आणि एकट्यादुकट्या शब्दात नाही तर त्या साच्याच्या सगळ्या शब्दांत.

सगळ्या शब्दांत म्हणजे खरंच सगळ्या. कुंपण घातलेलं गाव किंवा शहर यासाठी शब्द होता *गोर्द. त्याचं रशियनमध्ये झालं गोरोद, म्हणून नोव्हगोरोद म्हणजे नवं नगर. सर्बियनमध्ये झालं ग्राद, म्हणून बेलग्रेड, त्यांच्या भाषेत बेओग्राद, पांढरं नगर. आता इथे कोणी विचारेल की मग लेनिनग्राद कसं काय, ते तर रशियात. खरंय, पण ग्राद हा रशियनमध्ये चर्चच्या जुन्या भाषेतून आलेला भारदस्त शब्द आहे आणि ती भाषा दक्षिणेकडची. म्हणजे आपल्याकडे घर रोजचं आणि गृह सरकारी पाटीवरचं, तसंच तिकडे गोरोद रोजचं आणि ग्राद मोठ्या नावांसाठीचं. तत्सम आणि तद्भव, अगदी तेच नातं.

आणि हे सगळं कधी घडलं याचा अंदाजही एका शब्दावरून येतो, मला हा पुरावा फार आवडतो. पश्चिम युरोपचा सम्राट शार्लमेन, त्याचं जर्मन नाव कार्ल, तो ८१४ मध्ये वारला. त्याचा दबदबा एवढा की स्लाव्ह लोकांनी त्याच्या नावावरूनच 'राजा' हा शब्द बनवला असं बहुतेक सगळे अभ्यासक मानतात. आता बघा, रशियन करोल, म्हणजे लिहिताना कोरोल, पोलिश क्रूल, चेक क्राल, सर्बियन क्राल्य. कार्लमधल्या र चं जे झालं ते हुबेहूब बेर्झातल्या र सारखंच झालंय! म्हणजे कार्ल हे नाव स्लाव्हांच्या कानावर पडलं तेव्हा हा बदल अजून संपलेला नव्हता. एका माणसाच्या नावावरून झाडाच्या नावाची तारीख काढता येते, इ.स. ८०० च्या आसपास.

पोलिश रूप सगळ्यात अवघड दिसतं त्यामुळे त्यावर दोन मिनिटं जास्त देते. ब्रेझा झाल्यावर पोलिशमध्ये तो र मऊ झाला, म्हणजे त्यात य मिसळल्यासारखा, मग हळूहळू घासून झ सारखा झाला, लिहिताना मात्र आर आणि झेड अशी दोन अक्षरं राहिली. आणि पुढचा ए गेला ओ कडे, कारण त्याच्यानंतर कडक व्यंजन होतं. म्हणून ब्झोझा. पण ज्या शब्दात ए च्या नंतरचं व्यंजन मऊ राहिलं तिथे ए तसाच टिकला, उदाहरणार्थ बर्चच्या राईला म्हणतात ब्झेझिना. झाड ब्झोझा आणि राई ब्झेझिना, एकाच घरात दोन स्वर. अमेरिकेत जिमी कार्टर अध्यक्ष असताना, १९७७ ते १९८१, त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते झ्बिग्न्येव ब्झेझिन्स्की, आपल्या पेपरांत ते नाव दर वेळी वेगळं छापून यायचं, तर त्या आडनावात हीच बर्चची राई आहे. रशियनमध्येही ए चा ओ झालाय, म्हणून तर बेरेझा न राहता बिर्योझा, पण तिथे तो फक्त जोर पडतो त्या अक्षरात होतो.

नकाशावर तर हा शब्द विखुरलेला आहे. ब्रेझ्नो, ब्रेझनित्सा, ब्झेझिनी, ब्येर्योझोव्हका, गावंच गावं. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव किती आहेत ते आठवा म्हणजे अंदाज येईल. बेलारूसमध्ये एक नदी आहे बेरेझिना, तिचं नावही याच झाडावरून आलं असं सहसा सांगतात. १८१२ च्या नोव्हेंबरअखेर मॉस्कोहून परत फिरलेलं नेपोलियनचं सैन्य तिथे अडकलं, २६ ते २९ नोव्हेंबर, घाईघाईने बांधलेल्या पुलांवरून पळताना हजारो माणसं गेली. तेव्हापासून फ्रेंच भाषेत पूर्ण सत्यानाश झाला की म्हणतात 'बेरेझिना झाली'. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही, आपण पानिपत झालं म्हणतो.

आणि एक गाव असं आहे की ज्याचं नाव लिहिताना हात थांबतो. पोलंडमधलं ब्झेझिंका. छोटं गाव, नावाचा अर्थ बर्चची छोटी राई. जर्मनांनी त्याचं नाव केलं बिर्केनाउ, त्यांच्या भाषेत बर्चचं कुरण, आणि तिथे आउश्वित्झच्या छळछावणीचा सगळ्यात मोठा भाग उभा केला. ब्झोझा आणि बिर्के, दोन्ही शब्द एकाच आईचे.

आता हे एकाच आईचे कसे, ते सांगते, कारण इथे आपला भूर्ज येतो. भाषाशास्त्रात दिसायला सारखे शब्द हा पुरावा धरत नाहीत. ध्वनी नियमाने जुळले पाहिजेत. संस्कृत ज, जर्मन गटातला क आणि स्लाव्हिक झ यांची एक ठरलेली जोडी आहे. मराठीत जाणणं, संस्कृत ज्ञा. इंग्रजीत नो, म्हणजे माहीत असणं, ज्याच्या स्पेलिंगच्या सुरुवातीला अजून के लिहितात कारण एके काळी तो उच्चारायचे. रशियनमध्ये झ्नात. ज, क, झ. आता तीच पट्टी लावा: भूर्ज, जर्मन बिर्के, रशियन बिर्योझा. ज, क, झ! इंग्रजीत बर्च असं च झालंय ते नंतर, स्कॉटलंडमध्ये अजून बिर्क म्हणतात. आणि सुरुवातीचा भ तिकडे ब होतो हे तर भ्राता, ब्रदर, ब्रात यावरून दिसतंच. लिथुआनियन भाषेत बेर्झास आहे, स्वीडिशमध्ये ब्यर्क, आइसलंडची ती गायिका ब्यर्क आहे ना, तिच्या नावाचा अर्थही बर्चच.

मग भूर्जमध्ये ऊ कुठून आला? तर मूळ भाषेत एकाच धातूचे स्वर कमीजास्त व्हायचे, आपल्याला हे कृती, करणं, कार्य यात दिसतंच. स्लाव्हिकने ए असलेलं रूप धरलं, संस्कृतने स्वर गाळलेलं रूप धरलं आणि ओठांच्या व्यंजनानंतर त्या जागी ऊर् आला. पूर्ण या शब्दातही हेच झालंय.

धातूचा अर्थ बहुतेक 'चमकणं, पांढरं असणं'. संस्कृतमध्ये भ्राज् म्हणजे चमकणे, विष्णुसहस्रनाम म्हणणाऱ्यांना 'भ्राजिष्णु' हे नाव पाठ असेल, तेजस्वी. इंग्रजी ब्राइट त्याच धातूचा, आणि रॉबर्ट, अल्बर्ट या नावांतला जो बर्ट आहे तोही. अल्बेनियन भाषेत बार्ध म्हणजे सरळ पांढरा. आणि स्लाव्हिकमधलाच एक पुरावा बघा, बल्गेरियनमध्ये कपाळावर पांढरा डाग असलेल्या जनावराला ब्रेझ म्हणतात, तोच शब्द रोमानियन लोकांनी घेतला आणि त्याचं केलं ब्र्याझ. आपल्याकडे अशा बैलाला चांद्या म्हणतात. तिकडे चंद्र नाही, बर्चचा पांढरेपणा. ज्यांनी फक्त दुकानातलं तपकिरी भूर्जपत्र बघितलंय त्यांना पांढरेपणाचं कोडं पडेल, पण तो तुकडा आतल्या थरांचा असतो. उभं झाड, विशेषतः उत्तर युरोपातलं, खडूसारखं पांढरं असतं, सालीत बेट्युलिन नावाचा पदार्थ असतो त्याने. पाणी सालीत मुरत नाही तेही बरंचसं त्याच्यामुळेच.

एक सावधगिरी. गायत्री मंत्रातलं भर्ग हेही तेजाशी संबंधित, त्यामुळे ते भूर्जाशी जोडायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण त्याचा धातू वेगळा, तो लॅटिनमधल्या फुल्गेओ, म्हणजे लखलखणं, त्या बाजूला जातो. तसंच पोलिशमध्ये ब्झेग आणि रशियनमध्ये बेरेग असे शब्द दिसतील, ते म्हणजे नदीचा काठ, त्यांचा बर्चशी काही संबंध नाही, फक्त र च्या बाबतीत नशीब सारखं निघालं.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट म्हणजे झाड आणि शब्द यांची सोबत. जिथे झाड राहिलं तिथे शब्द राहिला. स्लाव्ह, बाल्टिक, जर्मन लोक बर्चच्या जंगलातच राहिले म्हणून त्यांच्याकडे शब्द धडधाकट. लॅटिन बोलणारे इटलीत उतरले, तिथे सखल भागात बर्च नाही, तर त्यांनी शब्द टाकला नाही पण दुसऱ्या झाडाला लावला, लॅटिनमधलं फ्राक्सिनुस म्हणजे अ‍ॅशचं झाड हे याच धातूचं असं मानतात. ग्रीकांकडे तर शब्दच राहिला नाही. कॉकेशसच्या डोंगरात राहणाऱ्या ओसेटियन लोकांकडे बेर्झ आहे, कारण तिथे झाड आहे. काश्मिरीत बुर्झ आहे, कारण तिथे झाड आहे. एमपीएससीचा अभ्यास केलेल्या सगळ्यांना बुर्झहोम पाठ असेल, नवाश्मयुगीन स्थळ, खड्ड्यातली घरं, मालकासोबत पुरलेली कुत्री, हे सगळं आपण पाठ करतो पण नावाकडे लक्ष जात नाही, बुर्झहोम म्हणजे भूर्जाचं ठिकाण. गंगोत्रीहून गोमुखला जाताना जवळपास ३,८०० मीटरवर भोजबासा लागतं, तेही भोजचं म्हणजे भूर्जाचंच.

आणि आपण? सह्याद्रीत हे झाड नाही, दख्खनवर कुठेच नाही. मग मराठीत शब्द झाडाचा म्हणून जगलाच नाही, तो लिहायच्या वस्तूला चिकटून जगला. कोणीही मराठीत नुसतं 'भूर्ज' म्हणत नाही, भूर्जपत्रच म्हणतो. झाड न बघता साल हातात आली आणि तिच्याबरोबर नाव आलं.

या उलट बाजूचाही एक धडा स्लाव्हिकमध्ये आहे. बीच नावाचं झाड, त्याला स्लाव्हिक भाषांत बुक म्हणतात, पण हा शब्द त्यांचा स्वतःचा नाही, जर्मन गटातून उसना घेतलेला. पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञ युझेफ रोस्ताफिन्स्की यांनी १९०८ मध्ये यावरून मुद्दा मांडला की बीचला उसना शब्द, म्हणजे स्लाव्ह लोक मुळात अशा भागात राहत होते जिथे बीच नव्हता, आणि तसा भाग म्हणजे पूर्वेकडचा दलदलीचा प्रदेश, आताचा बेलारूस आणि युक्रेनची सीमा. मूळ गाव नक्की कुठलं यावर अजून वाद आहेत, आणि नुसत्या झाडांवरून ते सुटणार नाहीत, कारण जंगलंही सरकतात. पण विचार करायची पद्धत म्हणून मला हे फार सुंदर वाटतं.

बर्चवर स्लाव्ह लोकांचं सगळं घर चालायचं हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाहीये. मार्च-एप्रिलमध्ये खोडाला छेद देऊन रस काढतात, पाण्यासारखा, किंचित गोड, तो पितात. युक्रेनियनमध्ये मार्च महिन्याचं नाव बेरेझेन आहे. चेकमध्येही मार्च म्हणजे ब्र्झेझेन, तिथे काही जण बर्च म्हणतात आणि काही म्हणतात की गाभण या अर्थाच्या ब्र्झेझी शब्दावरून, कारण जनावरं तेव्हा गाभण असतात. सालीचे डबे करतात, सालीपासून डांबरासारखा काळा द्रव काढतात, तो चामड्याला लावायचा आणि गाडीच्या आसाला वंगण म्हणून. बान्या म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात पानांसकट फांद्यांच्या जुडीने अंग झोडपून घेतात. झाडाखाली उगवणाऱ्या अळंबीचं नाव पोदबिर्योझोविक, 'बर्चखालचा'. आणि पोराने मस्ती केली की त्याला 'बर्चची खीर' खायला घालायचे, म्हणजे बर्चच्या फोकाने मार. आपण छडीचा प्रसाद म्हणतो, तिकडे खीर.

सालीसाठी रशियनमध्ये वेगळा शब्द आहे, बिर्योस्ता, तोही याच धातूचा असं बरेच अभ्यासक धरतात. आणि इथून गोष्ट परत माझ्या हातातल्या तुकड्याकडे येते.

अल बिरुनी या विद्वानाने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानाबद्दल लिहिताना नोंदवलंय की मध्य आणि उत्तर भागात लोक भूर्जाच्या सालीवर लिहितात, हातभर लांब तुकडा घेतात, त्याला तेल लावून घोटून गुळगुळीत करतात आणि मग लिहितात. आपल्या भागातली सगळ्यात जुनी टिकलेली हस्तलिखितं भूर्जावरची आहेत, गांधार भागातली खरोष्ठी लिपीतली बौद्ध हस्तलिखितं, त्यातली काही इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. शून्यासाठी ठिपका वापरलेलं बख्शाली हस्तलिखित, १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलेलं, तेही भूर्जावरच. आणि पुण्यात, भांडारकर संस्थेत, ऋग्वेदाची जी ३० हस्तलिखितं २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत गेली, त्यातलं एक काश्मीरचं आहे, शारदा लिपीत, भूर्जपत्रावर. संस्कृतचे जर्मन अभ्यासक ग्यॉर्ग ब्यूलर यांनी १८७५-७६ मध्ये काश्मीरला जाऊन हस्तलिखितं गोळा केली होती, त्या दौऱ्यातून अशी पोथ्यांची खाण पुण्याला आली. सह्याद्रीत झाड नसेना का, लॉ कॉलेज रोडवर साल आहे.

आणि अल बिरुनी हे लिहीत होता साधारण त्याच काळात, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, वायव्य रशियातल्या नोव्हगोरोदमध्ये कोणीतरी बर्चच्या सालीवर अक्षरं कोरत होतं. तिथे शाई नव्हती वापरत, हाडाच्या किंवा धातूच्या टोकदार काडीने आतल्या मऊ बाजूवर ओरखडायचे. हे जगाला कळलं २६ जुलै १९५१ ला, उत्खननात काम करणाऱ्या नीना अकुलोव्हा या स्थानिक बाईंना मातीत सालीची गुंडाळी दिसली आणि त्यावर अक्षरं होती. तिथली माती पाण्याने भरलेली, हवा आत जात नाही, त्यामुळे काहीच कुजत नाही. तेव्हापासून एकट्या नोव्हगोरोदमध्ये अकराशेच्या वर चिठ्ठ्या सापडल्यात, अकराव्या ते पंधराव्या शतकातल्या, आणि त्या राजांच्या नाहीत, साध्या माणसांच्या आहेत. उसनवारी, मासे, घोडा, जमीन, भांडणं. रशियन भाषाशास्त्रज्ञ आंद्रेई झालिझ्न्याक यांनी त्यांचा अभ्यास करून दाखवलं की ज्या आपल्याला चुका वाटत होत्या ते नोव्हगोरोदच्या बोलीचे नियम होते.

यातला एक ओन्फिम नावाचा मुलगा, तेराव्या शतकाच्या मध्यातला, चित्रांवरून सहा-सात वर्षांचा असावा. अभ्यासाला म्हणून त्याने सालीवर मुळाक्षरं काढलीत, थोडी अक्षरं झाली आणि मग स्वतःला घोड्यावर बसवून खाली पडलेल्या शत्रूला भाला मारताना काढलंय, शेजारी आपलं नाव. एका डब्याच्या बुडावर एक प्राणी काढून लिहिलंय, 'मी जंगली प्राणी आहे', आणि दानिलोला नमस्कार. हाताला कधी तीन बोटं, कधी पाच. मी जेव्हा जेव्हा ते चित्र बघते तेव्हा मला आपल्या पोरांच्या वहीची मागची पानं आठवतात.

कालिदासाने कुमारसंभवाच्या सुरुवातीला हिमालयाचं वर्णन करताना सांगितलंय की तिथे भूर्जाच्या सालीवर गेरूसारख्या धातूच्या रंगाने लिहितात आणि विद्याधरांच्या सुंदरींना ती प्रेमपत्रं म्हणून उपयोगी पडते. कल्पना म्हणून वाचताना आपण पुढे जातो. पण नोव्हगोरोदच्या मातीत खरीखुरी निघाली आहेत. अकराव्या शतकाच्या शेवटची एक चिठ्ठी, बाईने पुरुषाला लिहिलेली, तीनदा निरोप पाठवला, माझ्याबद्दल तुझ्या मनात असं काय वाईट आहे की या आठवड्यात तू आला नाहीस. ती साल फाडून, मग गाठ मारून टाकलेली सापडली. आणि दुसरी साधारण दोनशे वर्षांनंतरची, अगदी छोटी, मिकिताकडून आन्नाला: माझ्याशी लग्न कर, मला तू हवीस आणि तुला मी, आणि याला साक्षीदार इग्नात मोइसेयेव.